एका स्लाइडवर एकच गाऱ्हाणं

श्रुतिका घाडी लोकांच्या स्लाइडवरचे शब्द उपटायची आणि त्याचाच तिला पगार मिळायचा. मरोळच्या एका काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस. तिथे मोठमोठे साहेब आपापली प्रेझेंटेशनं घेऊन यायचे. एकेका स्लाइडवर एवढा मजकूर, की त्यापुढे पंचांगाचं पानही मोकळंढाकळं वाटावं. श्रुतिका ते बघायची, कपाळाला हात लावायची आणि पालेभाजी निवडायला बसल्यासारखी एकेक शब्द निवडून बाजूला टाकायची. साहेब कळवळायचे. "मॅडम, ते इम्पॉर्टंट आहे!" ती शांतपणे म्हणायची, "मग तेच ठेवू, बाकीचं काढू." समोर कोण बसलंय ते आधी बघा, एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवा, आणि ती सांगून झाली की गप्प बसा, लोकांना श्वास घेऊ द्या, असं तिचं सांगणं असायचं. यातलं गप्प बसणं साहेबलोकांना भारी जड जायचं.

आणि अशी ही जगाला शहाणपण शिकवणारी मुलगी स्वतःच्या लग्नाचं प्रेझेंटेशन करायला बसली, तेव्हा तिने एकाच स्लाइडवर इतक्या ओळी कोंबल्या की शेवटची ओळ वाचायला खाली वाकावं लागत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

लग्न कुणाशी, ते आधी सांगायला हवं. निमेश वेसाव्याचा, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. घरची बोट, स्वतः दर्यात जाणारा, आई अंजनाबाई बाजारात मासळी विकणारी. वेसाव्यातल्या मच्छीमारांच्या सोसायटीला बर्फाचा कारखाना नव्याने उभारायचा होता, आणि बँकेपुढे मांडणी करायची म्हणून सोसायटीने निमेशला श्रुतिकाच्या ऑफिसात पाठवलं होतं. त्याच्याकडे जाडजूड फाईल होती. मासेमारीचा इतिहास होता, भरती-ओहोटीचे तक्ते होते, कुठल्याशा मंत्र्याबरोबर काढलेला फोटोही होता. श्रुतिकाने फाईल मिटली आणि विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

निमेशने डोकं खाजवलं. "बर्फ."

"मग एवढंच लिहा ना!"

तिने मासळीने भरलेल्या टोपलीचा मोठा फोटो लावला आणि खाली एकच शब्द लिहिला, बर्फ. निमेश त्या स्लाइडकडे बघत राहिला, मग स्लाइड बनवणारीकडे बघत राहिला, आणि पुढचे कितीतरी दिवस त्याला काही ना काही कारणाने मरोळला काम निघू लागलं. बँकेने होकार दिला. पण कारखान्यातला बर्फ जमायच्या आत या दोघांचं जमून गेलं होतं.

अंजनाबाईंनी मुलीला पाहिलं, तिला काटेरी मांदेली न अडखळता खाताना पाहिलं, आणि तिथल्या तिथे पसंती देऊन टाकली. घोडं अडलं ते कांदिवलीला.

कांदिवलीला श्रुतिकाचे बाबा होते, गुणाजी घाडी. तरुणपणी गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, मग कधी वॉचमन, कधी कुरियर, शेवटी एका शाळेत शिपाई, असं करत त्यांनी संसार ओढून नेला. माणूस साधा, पण घराण्यात त्यांना एक मान होता. गाऱ्हाणं तेच घालायचे. कुठलंही कार्य असो, चार माणसं जमली की देवापुढे नारळ ठेवायचा आणि एकाने सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं, ही त्यांच्या मालवणाकडची रीत. एक मागणं सांगून झालं की सांगणारा थांबतो, आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मग पुढचं मागणं. पुन्हा "व्हय म्हाराजा!" गुणाजींचा आवाज असा खणखणीत, की देवाला ऐकू न यायचा प्रश्नच नव्हता.

हाच माणूस स्वतःच्या घरात मात्र कधी हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. श्रुतिकाने निमेशचं सांगितलं तेव्हा ते मटार सोलत होते. त्यांनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाले, "लोकांका इचारूक व्हया."

"कुठल्या लोकांना, बाबा? लग्न माझं आहे!"

"म्हणान तर. येत्या रविवारी सगळ्यांका बोलावतंय. तुझा काय म्हणणा ता सगळ्यांसमोर सांग. धड समजान सांग."

समजावून सांग, एवढंच श्रुतिकाच्या कानात शिरलं. समजावून सांगणं हा तर तिचा धंदा! बाबांनी आपल्या हाती बॅट-बॉल दिला असं तिला वाटलं, आणि ती लॅपटॉप उघडून बसली.

पहिला प्रयोग तिने आईवर केला. शेवंतीने चष्मा लावला, मांडीवर गवारीची परडी घेतली आणि ती टीव्हीसमोर बसली. पहिल्या स्लाइडवर निमेशचा फोटो भोवऱ्यासारखा फिरत फिरत आला.

"अगो बाय, पोरगो गरगरता कित्याक?"

"ते अ‍ॅनिमेशन आहे, आई."

"दर्यात काय कमी गरगरता, म्हणान हयसुदिक?"

पुढच्या स्लाइडवर रंगीत गोल होता. मत्स्यव्यवसायातील उत्पन्नाची स्थिरता, असं त्याच्यावर लिहिलं होतं. शेवंतीने तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "ह्यो निळो तुकडो कोणी खाल्ल्यान?" त्याच्या पुढच्या स्लाइडवर तर ओळीच ओळी. शेवंती त्या मोठ्याने वाचायला लागली आणि त्याच वेळी श्रुतिकाही बोलायला लागली. दोघींचे आवाज एकमेकींत असे गुंतले, की शेजारच्या घरातला कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला असेल.

शेवटी शेवंती वैतागली. "माका एक सांग. तुझा बोलणा आयकू की ह्या वाचू? दोन्ही एकदम जमना नाय."

श्रुतिकाने लॅपटॉप मिटला. हेच वाक्य ती साहेबांना सांगायची, अगदी याच शब्दांत, आणि त्याचे पैसे घ्यायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात रुचिराने ते प्रेझेंटेशन पाहिलं. रुचिरा तिची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, एकदम फटकळ. पहिल्या चार स्लाइडला ती हसली, पाचव्या स्लाइडला तिने टेबलावर डोकं ठेवलं.

"काय वाट लावलीयस गं! हे तू केलंयस? तू?"

"काहीतरी राहून जाईल असं वाटत होतं."

"तू घाबरलीयस. घाबरलेला माणूसच एवढं लिहितो." रुचिराने डोकं वर केलं. "मला सांग, समोर कोण बसणार आहे? कुणाला पटवायचंय?"

"सहदेवकाकांना," श्रुतिका क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

सहदेवकाका म्हणजे गुणाजींचे थोरले भाऊ, घाटकोपरला राहणारे. सारी नोकरी फायर ब्रिगेडमध्ये काढली, त्यामुळे साखर मागतानाही आग लागल्यासारखे ओरडायचे. त्यांचं मत तर फोनवरूनच आलं होतं, तेही फोन न लावता थेट ऐकू यावं अशा आवाजात. "दर्यात जाणाऱ्याच्या घरात आपला चेडू देऊचा नाय! जल्मभर वाट बघत बसतली!" काकांनी मान हलवली की घराणं मान हलवणार, हे श्रुतिकाला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हा बाण काकांवरच सोडायचा. तिने फिरता फोटो काढला, रंगीत गोल काढला, ओळी काढल्या. काढता काढता हात असा चालू लागला की मजा यायला लागली. शेवटी मोजक्या स्लाइड उरल्या, आणि एकेकीवर एकच ओळ, तीही इतक्या मोठ्या अक्षरांत की मुलुंडच्या आत्याला मोतीबिंदूतूनही दिसावी.

रविवार उजाडला. माणसं यायला लागली. घाटकोपरहून काका-काकू आली, मुलुंडहून आत्या आली, कुर्ल्याचे मामा सहकुटुंब आले. घाडींच्या घरात माणसं नावापेक्षा ठिकाणानेच ओळखली जायची, म्हणून "घाटकोपरला चहा दे, मुलुंडला बिनसाखरेचा," अशी स्वयंपाकघरातून आरोळी गेली. सोफ्यावर माणसं, दिवाणावर माणसं, खाली सतरंजीवर माणसं. आणि खाली गेटपाशी निमेश. आपलं ठरल्याशिवाय वर यायचं नाही, असं श्रुतिकाने त्याला बजावलं होतं. रिकाम्या हाताने यायचं नाही, असं अंजनाबाईंनी त्याला बजावलं होतं. त्यामुळे तो एक भलीमोठी सुरमई बर्फाच्या पिशवीत घालून वॉचमनशेजारी उभा होता.

त्याचा पहिला मेसेज आला. "आलो. बर्फ वितळतोय. लवकर कर."

दुसरा लगेच आला. "वॉचमन विचारतोय कुणाकडे. काय सांगू?"

आणि थोड्या वेळाने तिसरा. "त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो जमेल."

श्रुतिकाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. तेवढ्यात गुणाजी नारळ घेऊन आले. देव्हारा स्वयंपाकघरात होता आणि तिथे एवढी माणसं मावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गावदेव रवळनाथाची तसबीर आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी टीव्हीच्या कपाटावर, टीव्हीला खेटून ठेवली. समोर नारळ ठेवला. सगळे उठून उभे राहिले, हात जोडले गेले, आणि गुणाजींनी आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही तुझी सगळी लेकरां हय एकठय जमली आसत, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण घाटकोपरासून इला, कोण मुलुंडासून इला, मेगाब्लॉक आसून सुदिक इला, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं, कारण रेल्वेच्या मेगाब्लॉकने सगळ्यांनाच पिडलं होतं.

"आमच्या चेडवाच्या मनात काय एक आसा, ता ती आज टीव्हीवर दाखवतली. ता सगळ्यांका धड दिसांदे, धड कळांदे, नि काय वाकडा-नाकडा आसात ता तुझ्या पायाबुडी घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढं सांगून गुणाजी दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. बाकीचे आपापल्या जागी टेकले. श्रुतिका उभी राहिली. मोठमोठ्या साहेबांना तोंडावर गप्प बसवणारी मुलगी, पण घाटकोपरच्या काकांनी खाकरून घसा साफ केला तशी तिने ओढणी उगाचच दोनदा सावरली.

पहिली स्लाइड आली. निमेशचा फोटो, स्थिर, इस्त्रीच्या शर्टात. श्रुतिका म्हणाली, "हा निमेश."

आणि थांबली. तिची सवयच ती, ओळ सांगायची आणि थांबायचं.

आता बघा गंमत. पाळण्यात असल्यापासून बाबांची गाऱ्हाणी ऐकलेली ही मुलगी. घाबरली की तिचाही सूर शेवटी अगदी तसाच वर चढायचा आणि चढून तसाच तुटायचा. समोर माणसं कोण, तर जन्मभर तो सूर तुटायची वाट बघत आलेली. शेजारी देव, देवापुढे नारळ, आणि तोंडं नुकतीच तापलेली. कुर्ल्याच्या मामांच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"व्हय म्हाराजा!"

खोलीत खसखस पिकली. मामांनी जीभ चावली. श्रुतिकाला हसू आवरेना, पण हसत बसली असती तर धीर सुटला असता, म्हणून तिने पुढची स्लाइड लावली. दर्याचा फोटो होता.

"वेसाव्याचा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मामांबरोबर आत्याही होती.

"घरची बोट आहे!"

"व्हय म्हाराजा!" आता सतरंजीवरची मंडळीही सामील झाली. आत्या डोळे पुसत हसत होती आणि हसता हसता हातही जोडत होती, कारण देव समोर होता, उगाच अवकृपा नको.

"आई मासळी विकते, आणि मला सून म्हणून पसंत केलंय!"

"व्हय म्हाराजा!"

आता हे थांबणं शक्य नव्हतं. शिंक थांबवता येते का? श्रुतिकाने सहदेवकाकांकडे पाहिलं. काका छातीवर हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून बसले होते. पण पुढची स्लाइड तिने त्यांच्यासाठीच केली होती. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं होती.

"दर्यात धोका आहे!"

"व्हय म्हाराजा!" काका असे गरजले की तसबिरीची काच थरथरली. आपलंच म्हणणं एवढ्या मोठ्या अक्षरांत टीव्हीवर पाहून त्यांचा ऊर भरून आला होता.

पुढच्या स्लाइडवर एक अक्षरही नव्हतं. जुना फोटो होता, कडा पिवळ्या पडलेला. फायर ब्रिगेडच्या गाडीपुढे, शिरस्त्राण घालून, मिशीला पीळ देऊन तरणेबांड सहदेव घाडी उभे होते. श्रुतिका काहीच बोलली नाही. नुसती थांबली.

काका त्या फोटोकडे बघत राहिले. आणि त्यांच्या शेजारून, जी बाई घराण्याच्या बैठकीत कधी तोंड उघडत नसे, त्या घाटकोपरच्या काकूचा आवाज आला. एकटीचाच, आणि चांगला ठणठणीत.

"व्हय म्हाराजा!"

काका वळले. काकू त्यांच्याकडे न बघता फोटोकडे बघत म्हणाली, "सगळी नोकरी वाट बघलंय मी. गाडयेची घंटा ऐकली की हातातला भांडा पडायचा. पण दुसरो घो करूया, असा काय माका कधी वाटूक नाय."

यावर जो हशा उठला त्यात काकांच्या मिशीचाही पीळ सुटला. ते गदागदा हसले, बायकोच्या खांद्यावर एक थाप मारली आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागले. नेमका त्याच वेळी टीव्हीच्या कोपऱ्यात एक चौकोन टपकला. "बर्फ अर्धा वितळला. काय करू?"

प्रेझेंटेशनच्या आधी मेसेज बंद करा, असं श्रुतिका प्रत्येक साहेबाला सांगत आली होती. स्वतःच विसरली.

"कोणाचो बर्फ?" आत्याने विचारलं. पण मामा आता थांबायच्या पलीकडे गेले होते. "व्हय म्हाराजा!" ते म्हणाले, आणि पुन्हा सगळे लोळायला लागले. श्रुतिकाच्या डोक्यात नुसती आनंदाची झिंग चढली होती. तिने त्याच भरात शेवटची स्लाइड लावली.

"आम्हाला लग्न करायचं आहे!"

"व्हय म्हाराजा!"

घाटकोपर, मुलुंड, कुर्ला, सगळे एका दमात. आणि सगळ्यांत मोठा आवाज सहदेवकाकांचा. आवाज विरला, आणि मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला की आपण कशाला काय म्हणून बसलो.

"हां हां! थांबा!" काका उठून उभे राहिले. "ता सवयीन गेला! ह्या काय खरा नाय!"

"नारळासमोर गेला रे बाबा," आत्या म्हणाली. "आता मागे कसा घेतलंस?"

"तोंडातसून सुटला, म्हणान काय झाला?"

"देवाक काय सांगतलंस? सुटला म्हणान?"

मामा म्हणाले, देवासमोरचा शब्द तो शब्द. काका म्हणाले, टीव्हीसमोरचा शब्द तो शब्द कसा? मामी म्हणाली, दोघं शेजारी शेजारी तर आहेत. वाद असा रंगला, की कोण कुणाच्या बाजूने बोलतंय तेही कळेना. काका तर विरोध करता करता विचारून गेले, "बोट केवढी आसा पण त्याची?"

श्रुतिका हसत होती. डाव जिंकल्यातच जमा होता. आता काका थोडा वेळ गुरगुरणार, मग चहा पिणार आणि मग तारीख विचारणार, हे तिला दिसत होतं. तेवढ्यात तिची नजर दाराजवळच्या स्टुलाकडे गेली.

गुणाजी तिथे हात जोडून बसले होते. सगळ्या गोंधळात एकटे गप्प. आणि श्रुतिकाच्या लक्षात आलं, की एकूण एक स्लाइडला सगळं घर ओरडलं, पण त्यात बाबांचा आवाज नव्हता. एकदाही नव्हता. आणि कसा असणार? गाऱ्हाणं घालणारा स्वतः कधी व्हय म्हणत नाही. ते बाकीच्यांचं काम. सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि थांबायचं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. लोकांका इचारूक व्हया, असं म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. तिनेसुद्धा नाही. तिने सांगितलं होतं, भांडली होती, पण विचारलं नव्हतं. समोर कोण बसलंय ते आधी बघा, असं जगाला सांगणारी ती, आणि तिने सगळ्या स्लाइड काकांसाठी केल्या होत्या.

तिने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि टीव्ही काळा केला. अचानक पडदा काळा झाला तशा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"काका, मघाचा तुमचा व्हय मी धरत नाही," ती म्हणाली. "कुणाचाच धरत नाही. हसण्यात गेला तो."

"पण नारळ..." आत्याने तोंड उघडलं.

"असू दे गं आत्या." श्रुतिका सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत दाराजवळ गेली आणि स्टुलासमोर खाली बसली. तिचा आवाज आता चढा नव्हता. "बाबा, या सगळ्यांचं मी नंतर बघते. मला तुम्हाला विचारायचं होतं. आधीच विचारायला हवं होतं. निमेश मला खूप आवडतो. त्याच्याशी लग्न केलेलं तुम्हाला चालेल का?"

आणि थांबली. या वेळी थांबणं तिलाही जड गेलं.

गुणाजींनी जोडलेले हात सोडले. ते मुलीच्या डोक्यावर ठेवावेत की आपल्या गुडघ्यावर, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी भावाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने पदर तोंडाला लावला होता आणि ती मान हलवून खुणावत होती, बोला की!

"माझा काम गाऱ्हाणा घालूचा गो, बाय," ते म्हणाले. "व्हय म्हणूचा लोकांचा. मी आजपावत कधी म्हणूक नाय."

"मग आज म्हणा. किंवा नाही म्हणा. पण तुम्ही म्हणा."

गुणाजींनी घसा खाकरला. ज्या आवाजाने देव जागा व्हायचा, तो आवाज त्यांना सापडेना. निघाला तो अगदी बारीक, फाटका, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या पोरासारखा.

"व्हय म्हाराजा."

श्रुतिकाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ती हसायला आणि रडायला एकदमच लागली. इतका आनंद तिला आजवर कधी झाला नव्हता, आणि तो लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. मागून सहदेवकाकांचा आवाज आला, नाक ओढत. "मगे मी कित्याक मागे ऱ्हवू? माझोसुदिक धर गो तो मघाचो!" आणि मग सगळ्यांनीच आपापला व्हय पुन्हा एकदा, शुद्धीवर राहून, दिला. आत्याने दोनदा दिला.

वॉचमनला बातमी कशी लागली देव जाणे, पण श्रुतिकाने फोन हातात घ्यायच्या आतच बेल वाजली. दारात निमेश उभा होता. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता, पिशवीतून बर्फाचं पाणी जिन्यापासून दारापर्यंत ठिबकत आलं होतं, आणि पिशवीतून सुरमईचं शेपूट बाहेर येऊन सगळ्यांना बघत होतं. त्याने घरभर पसरलेली माणसं पाहिली, काळा टीव्ही पाहिला, देव पाहिला, रडून लाल झालेली श्रुतिका पाहिली. जमलं की फिसकटलं, त्याला काही कळेना. वाकून नमस्कार करावा तर हातात सुरमई.

"नमस्कार," तो कसाबसा म्हणाला. "मी निमेश."

"व्हय म्हाराजा!"

बिचारा दोन पावलं मागे सरकला. आणि त्या गजरात या वेळी सगळ्यांत वरचा आवाज होता तो स्टुलावरून उठून दारात आलेल्या गुणाजींचा. त्यांनी निमेशच्या हातातली पिशवी काढून घेतली, दुसऱ्या हाताने त्याला आत ओढलं आणि पुन्हा एकदा, काही कारण नसताना, म्हटलं, "व्हय म्हाराजा!" उतारवयात शिकलेली गोष्ट माणूस लवकर सोडत नाही. त्या दिवशी जेवायला बसल्यावर शेवंतीने भात वाढू का म्हणून विचारलं तरी ते तेच म्हणत होते.